अबोल श्वानाचे संगोपन : नऊ सूत्रे आणि एक मेहुणे

प्रस्तुत मार्गदर्शिका अशा गृहस्थांसाठी आहे, ज्यांनी रस्त्यावरून किंवा निवाऱ्यातून सोडवलेले कुत्रे नुकतेच दत्तक घेतले आहे, ज्या कुत्र्याच्या अंगाला अखंड खाज आहे आणि जे आल्या दिवसापासून कॉटखाली जाऊन बसले आहे. ज्यांचे कुत्रे शेपूट हलवत दारात येते, त्यांनी सुखाने नांदावे आणि आम्हाला सल्ले देऊ नयेत.

विवेचनाच्या सोयीसाठी एक नमुना-श्वान घेतले आहे : ठमी, जात गावठी, वय पशुवैद्यांच्या अंदाजाने दोन वर्षे, कानाला नसबंदीची खाच, रंग मूळचा बदामी असावा. एक नमुना-पाहुणाही घेतला आहे : आमचे मेहुणे. हे दर रविवारी येतात. त्यांचे म्हणणे असे की, जगातली सर्व कुत्री त्यांच्याकडे आपोआप येतात.

सूत्र १. पहिले काही दिवस काहीही करू नये.

हे सर्वांत अवघड सूत्र आहे. मराठी घरात कोणी गप्प बसले की चौकशी समिती नेमली जाते. जेवला नाहीस का? कुणी काही बोललं का? पोट साफ आहे ना? माणसाला हे सोसावे लागते, कारण त्याला कॉटखाली मावता येत नाही.

श्वानसेवक मंडळी एक ठोकताळा सांगतात : पहिले तीन दिवस भांबावण्याचे, पुढचे तीन आठवडे घराची रीत कळण्याचे आणि तीन महिने हे घर आपले आहे असे वाटू लागण्याचे. हा ठोकताळा आहे, रेल्वेचे वेळापत्रक नव्हे. गाडी लेट आली म्हणून स्टेशनमास्तरला जाब विचारू नये. या काळात पाणी, जेवण, अंथरूण आणि ठरलेल्या वेळा एवढेच पुरवावे. आल्या आल्या आंघोळ घालू नये, शेजाऱ्यांना बोलावू नये, औक्षण करू नये. (औक्षण झाले. ठमीने निरांजनाकडे पाहिले आणि ती कॉटच्या पार भिंतीकडल्या कोपऱ्यात सरकली.)

सूत्र २. कॉटखालची जागा श्वानाच्या मालकीची.

तिथून त्याला ओढून काढू नये. तिथे हात घालू नये. तिथे तोंडही घालू नये, हे वेगळे लिहावे लागेल असे वाटले नव्हते, पण आमचे मेहुणे पहिल्याच रविवारी लादीवर पालथे झोपले, मोबाइलची बॅटरी लावली आणि "ये ये ये, कोण आलंय बघ!" असे म्हणाले.

आता हाच प्रसंग ठमीच्या बाजूने पाहा. आपल्याहून पाचपट मोठे जनावर, डोळ्यांत डोळे, दात दिसताहेत, प्रकाशझोत थेट तोंडावर आणि बाहेर पडायची वाट बंद. कुत्र्यांच्या भाषेत याला स्वागत म्हणत नाहीत. अशा वेळी कुत्रे जीभ ओठांवरून फिरवते, मान वळवते, डोळ्यांचा पांढरा भाग दाखवते आणि जांभई देते. ही चारही चिन्हे ठमीने त्याच क्रमाने दाखवली.

"जांभई देतेय बघा. म्हणजे रिलॅक्स झाली," मेहुणे म्हणाले.

नोंद घ्यावी : झोप न आलेल्या कुत्र्याची जांभई बहुधा 'जरा लांब व्हा' अशी विनंती असते. विनंती ऐकली नाही तर गुरगुर येते. गुरगुरीबद्दल रागावू नये. ती चावण्याआधीची नोटीस आहे. नोटीस देणाऱ्यालाच शिक्षा केली, तर पुढच्या वेळी नोटीस येणार नाही, थेट कारवाई होईल.

सूत्र ३. आसन व स्पर्शविधी.

जमिनीवर, कुत्र्याकडे कुशी करून बसावे. नजर देऊ नये. हातात वर्तमानपत्र असावे आणि ते खरोखर वाचावे. अधूनमधून खाऊचा तुकडा टाकावा. आपल्या हाताशी नाही, कुत्र्याच्या पलीकडे. म्हणजे खाऊसाठी आपल्या जवळ यावेच लागते, अशी अट उरत नाही. अट नसली की कुत्रे हळूहळू आपणहून अंतर कमी करते.

ते जवळ आले तरी डोक्यावर थोपटू नये. वरून येणारा हात भित्र्या कुत्र्याला आवडत नाही. छातीला किंवा मानेच्या बाजूला हलके खाजवावे, मनात तीन आकडे मोजावेत आणि हात थांबवावा. कुत्रे अंगाशी रेलले तर पुढे चालू. नाही रेलले, तर वाचनाकडे वळावे.

जमिनीवर लोळून पेपर वाचणे हे घरकामात मोडते, असे या विषयामुळे प्रथमच सिद्ध झाले. "या कामात तुमचा हात कोणी धरणार नाही," असे बायको म्हणाली. मी ते प्रशस्तिपत्र समजून ठेवून दिले आहे.

सूत्र ४. खाज एक नसते.

प्रथम पशुवैद्याकडून त्वचा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहून घ्यावी. लूत आणि खरूज हे किड्यांचे उद्योग, आणि ते अ‍ॅलर्जीसारखेच दिसतात. ते नाहीत असे ठरले की संशयित तीन उरतात : पिसवा, अन्न आणि आसमंत. आसमंत म्हणजे धुळीतले माइट, परागकण, बुरशी. शेपटीच्या मुळाशी, पाठीच्या मागच्या भागात खाज असेल तर आधी पिसवांना पकडावे. पंजे, कान, काखा आणि पोट यांवर रोख असेल तर उरलेल्या दोघांना. फिक्या केसांचे पंजे तांबूस दिसू लागले, तर तो कुत्र्याच्या लाळेचा रंग असतो. म्हणजे रात्रभर चाटणे चालू आहे. कानाला आंबूस वास आला, तर यीस्टने संसार मांडला आहे. पावसाळ्यात तो अधिकच बहरतो.

पिसवांची अ‍ॅलर्जी पिसवेच्या लाळेची असते, त्यामुळे थोडे चावेही पुरतात. "मला तर एकही पिसू दिसत नाही" हा बचाव म्हणून टिकत नाही. शिवाय पिसवांची बहुसंख्य प्रजा कुत्र्यावर राहतच नाही. अंडी, अळ्या आणि कोष सतरंजीत, फटींत, सोफ्याखाली असतात, आणि कोषातली पिसू आठवडेच्या आठवडे दम धरून बसू शकते. म्हणून औषध घरातल्या सर्व प्राण्यांना, डॉक्टर सांगतील तितके महिने द्यावे. अंथरुणे गरम पाण्याने धुवावीत आणि केर सोफा सरकवून काढावा. या शेवटच्या कलमाची अंमलबजावणी घरात कोणाकडे आली, हे वाचकाने ओळखले असेलच.

सूत्र ५. आहारपरीक्षा.

पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे संत नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. त्या भूतदयेला साष्टांग नमस्कार करून दोन तांत्रिक हरकती नोंदवतो. एक : पोळीतला गहू आणि तुपाचे मूळ असलेले दूध हे दोन्ही संशयितांच्या यादीत आहेत. दोन : घाबरलेल्या कुत्र्यामागे धावू नये.

कुत्र्यांच्या अन्न-अ‍ॅलर्जीत वारंवार सापडणारे गुन्हेगार चार : बीफ, दूध, कोंबडी आणि गहू. आता रस्त्यावरच्या पुणेरी कुत्र्याचा आहार आठवा : शिळी पोळी, दुधात बुडवलेले ग्लुकोज बिस्किट आणि चिकनच्या दुकानामागचे पाय. चारांपैकी तिघे रोज भेटणारे.

रक्ताच्या किंवा केसांच्या तपासणीने अन्न-अ‍ॅलर्जी खात्रीने कळत नाही. खरी परीक्षा एकच. कुत्र्याने पूर्वी कधी न खाल्लेले एक प्रथिन आणि एक पिष्ट निवडायचे आणि किमान आठ आठवडे त्याशिवाय काहीही द्यायचे नाही. काहीही म्हणजे काहीही. बिस्किट नाही, पोळीचा तुकडा नाही, चिकनच्या स्वादाची जंतांची गोळीही नाही. सुधारणा झाली, तर जुने अन्न पुन्हा देऊन पाहायचे. खाज परतली तर आरोप सिद्ध. इथवर आलेले बरेच जण ही शेवटची पायरी गाळतात, कारण बरे झालेले कुत्रे पुन्हा खाजवताना बघवत नाही. ते मला समजते.

डॉक्टरांच्या सल्ल्याने ठमीला बांगडा आणि रताळे लागू झाले. म्हणजे एकाच वाटीत उपवास आणि त्याचा भंग. घरात दोन महिने रताळी उकडत होती. आमच्या भाजीवाल्याने शेवटी आदराने विचारले, "कसलं व्रत आहे?"

या व्रतातले मुख्य विघ्न रविवारी येते. "एवढ्याशा बिस्किटानं काय होतंय?" हे वाक्य मेहुण्यांनी उच्चारले तेव्हा बिस्किट कॉटखाली पोचलेले होते. एवढ्याशा बिस्किटाने असे होते की खाज परत उठते, मग ती गव्हाची की आसमंताची हे कोणालाच सांगता येत नाही आणि आठ आठवडे पहिल्यापासून मोजावे लागतात. मी हे त्यांना शांतपणे सांगितले. बायकोचे मत वेगळे आहे; तिच्या मते आवाज वरच्या मजल्यापर्यंत गेला.

सूत्र ६. घरगुती उपायांविषयी.

रॉकेल, फिनाइल, गाडीचे जळके ऑइल : नाही. खोबरेल-हळद : कुत्रे ती चाटून टाकते आणि सोफा पिवळा होतो. आपला साबण : नाही, कुत्र्याच्या त्वचेची आम्लता वेगळी असते. घरातली वेदनाशामक गोळी 'अर्धीच तर दिली' म्हणून देऊ नये. अर्ध्या गोळीनेही जीव धोक्यात येऊ शकतो.

औषधी शाम्पू मात्र लावावा, आणि साधारण दहा मिनिटे अंगावर ठेवावा. ओल्या, घाबरलेल्या कुत्र्यासह मोरीत बसून दहा मिनिटे काय करावे, हे बाटलीवर छापलेले नसते. मी पाढे म्हणतो. एकोणतीसच्या पाढ्याला ठमी मान वाकडी करून बघते.

सूत्र ७. स्वभावाचा निकाल त्वचेच्या निकालानंतर द्यावा.

"एवढं तुम्ही करताय, पण तिला आहे का काही त्याचं?" हा प्रश्न मेहुण्यांनी एकट्यांनीच विचारला असे नाही. वॉचमन, समोरच्या काकू, सोसायटीचे चेअरमन, सगळ्यांनी विचारला. घुमी आहे. माजोरी आहे. माणूसघाणी आहे.

इथे सूत्रभाष्य बाजूला ठेवून सरळच सांगतो. ज्या जिवाला रात्रभर खाज सुटते त्याला झोप मिळत नाही. ज्याचा कान आतून सुजला आहे, त्याला डोक्याकडे येणारा प्रत्येक हात दुखवणाराच वाटतो. आठवडाभर अशी जागरणे आपण काढली, तर आपण शेजाऱ्यांशी कसे वागू? कुत्र्याचा अबोला म्हणजे स्वभाव असेलच असे नाही. तो पुष्कळदा नुसता त्रास असतो. आणि दत्तक घ्या असा अर्ज ठमीने केला नव्हता. तिला उचलले, गाडीत घातले, फरशी गुळगुळीत असलेल्या घरात आणले आणि आता तिने आभार मानावेत, तेही पाहुण्यांदेखत? तिने मानू नयेत. खाज थांबल्यावर ती पहिल्यांदा सलग झोपली आणि घोरली. मला त्यात सगळे आले.

सूत्र ८. दाराबाहेरील व्यवहार.

भित्रे कुत्रे पट्ट्यातून मान सोडवून घेण्यात पटाईत असते. गळ्यात पट्टा, अंगात हार्नेस आणि दोन्हींना वेगवेगळी दोरी लावावी. दिवाळीच्या फटाक्यांविषयी डॉक्टरांशी दसऱ्याच्या आधीच बोलावे. त्या रात्री आतली खोली, बंद खिडक्या आणि मोठ्याने रेडिओ. कुत्रे जवळ आले तर खुशाल जवळ घ्यावे. लाड केल्याने भीती वाढते हा समज खोटा आहे.

सोसायटीने 'कुत्रे बंद'चा ठराव आणल्यास भारतीय प्राणी कल्याण मंडळाची 2015 सालची मार्गदर्शक तत्त्वे छापून न्यावीत. सर्वसाधारण सभेच्या बहुमतानेही अशी बंदी घालता येत नाही, असे त्यांत म्हटले आहे. मात्र पिशवी आणि कागद बाळगून विष्ठा आपली आपण उचलावी. कायदा आपल्या बाजूने असला तरी जिना सगळ्यांचा असतो.

सूत्र ९. पाहुण्यांनी कुत्र्याकडे दुर्लक्ष करावे.

बिस्किटप्रकरणानंतर मेहुणे रुसले. येत राहिले, पण ठमीचे नाव घेईनात. कॉटकडे पाठ करून बसत आणि माझ्याशी मिळकतकरावर बोलत. डोळ्यांत डोळे नाहीत, हाक नाही, हात पुढे नाही. म्हणजे जे मी दोन महिने घसा फोडून शिकवत होतो, ते सर्व त्यांनी रागाच्या भरात बिनचूक केले. एका रविवारी ठमी कॉटखालून निघाली, त्यांचा मोजा सविस्तर हुंगला आणि त्यांच्या पायाशी बसली. माझ्याकडे यायला तिने यापेक्षा जास्त वेळ घेतला होता.

मेहुणे हलले नाहीत. फक्त हळू आवाजात म्हणाले, "म्हटलं नव्हतं? आपोआप येतात."

या विधानाचे खंडन करण्याजोगा पुरावा माझ्याजवळ नाही.

समारोपाची सूचना एवढीच : अशी अ‍ॅलर्जी बहुधा समूळ जात नाही, आटोक्यात ठेवावी लागते, तीही कुत्र्याच्या जन्मभर. हे मान्य असेल तरच दत्तक घ्या. मान्य असेल तर मात्र गावठीच घ्या. पिसवांच्या औषधाची तारीख कालनिर्णयवर लिहून ठेवा. आणि कोणाच्या घरी असे कुत्रे असेल, तर जाताना हात हलवत जा, बिस्किटे नेऊ नका.