गोत्र आधी, चेहरा मागाहून

क्षिप्रेकाठच्या राम घाटावर रंगांची ददात नाही. शेंदूर, झेंडू, गुलाल, भगव्या छाट्या, सगळे ओसंडून वाहत असते. तिथल्या एखाद्या झाडावर हिवाळ्यात तांबड्या छातीच्या माशीमाराची मादी येऊन बसली, तर तिच्याकडे कोण ढुंकून पाहणार? अर्ध्या वितीचा जीव. पाठ मातकट, पोट मळकट पांढरे. नराच्या गळ्याला तांबडे चढते खरे, पण त्यालाही पहिल्या हिवाळ्यात बायकोच्याच वेषात वावरावे लागते. त्याचा सैबेरियाकडचा भाऊबंद, तैगा माशीमार, त्याहून कंजूष: तो हिवाळ्यासाठी गळ्यावरचा रंग बहुधा उतरवूनच इकडे येतो. पूर्वी दोघांना एकाच जातीचे मानत, आता वेगळे मानतात. वाटणी झाली, पण कपडे तेच राहिले. माझे म्हणणे असे की अशा पक्ष्याला डोळ्यांनी ओळखायला निघणे हाच मूळ घोटाळा आहे. घाटावरचे पंडे पाहा. यजमानाच्या चेहऱ्यावर ते वेळ दवडत नाहीत. ‘कुठले? आडनाव काय?’ एवढे विचारून उत्तर कानावर पडले की वही उघडतात. इथे आडनाव म्हणजे ती कोरडी ‘टर्रर्र’. तांबड्या छातीवाल्याची जरा सावकाश, टिकटिक सुटी ऐकू येणारी. तैगाची इतकी घाईची की स्वर एकमेकांत मिसळून नुसती खरखर उरते.

यावर दुर्बीणवाले म्हणतील, शेपटी बघा की! बघावीच. काळ्या शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना पांढरे दिसले, तर निदान साधा तपकिरी माशीमार बाद होतो; त्याच्या शेपटीत पांढरे नसते. पण पुढचा पुरावा म्हणजे खालच्या चोचीचे बूड फिकट आहे की चोच सगळी काळी, आणि शेपटीवरची झाकणपिसे शेपटीहून फिकी आहेत की तिच्याहूनही काळी. पानाआड बसून क्षणाक्षणाला शेपूट उडवणाऱ्या जिवाबद्दल ही चौकशी करायची म्हणजे धावत्या गाडीतल्या प्रवाशाकडे तिकीट मागणे. फोटो मिळाला तर उत्तम. तो कानाचा निकाल कायम करील. दुसरा आक्षेप जास्त वजनदार: घंटा, आरती आणि भोंगे यांच्यात ती टर्रर्र ऐकणार कोण? आरतीच्या वेळी कोणीच नाही, हे मान्य. पण आरती काही दिवसभर चालत नाही, आणि हा पक्षी एकदा बोलून गप्प बसणाऱ्यांतला नव्हे. उरला सिंहस्थ, ज्याच्या गर्दीत शेजाऱ्याचीही हाक पोचत नाही. मागचा 2016 साली एप्रिल-मेमध्ये भरला, पुढचा 2028 साली त्याच हंगामात आहे. तोवर माशीमारांनी बहुतेक उत्तरेची वाट धरलेली असते.