तुडतुड्यांनी उष्टावलेला चहा

कोकणात आंब्याला मोहोर आला की बागायतदाराला तुडतुड्यांची धास्ती. विदर्भात कपाशीचं पान कडेनं पिवळं पडून वळायला लागलं की शेतकरी ते उलटं करून बघतो आणि खालच्या बाजूला तुडतुडेच सापडतात. मग दोघंही मुकाट्यानं फवारणीचा पंप पाठीला लावतात. तैवानच्या शिंचू भागातल्या चहावाल्यांची तऱ्हा मात्र निराळी. ऐन उन्हाळ्यात मळ्यात तुडतुडे दिसले नाहीत तर त्यांना चिंता लागते. फवारणीचं नाव काढायचं नाही. आलेल्या मंडळींनी कोवळ्या शेंड्यांचा पोटभर रस शोषावा, शेंडे खुरटावेत, पानं पिवळट पडावीत, मगच खुडणी.

अशा पानांपासून जो ऊलाँग चहा होतो त्याचं नाव ‘पूर्वेची सुंदरी’. सुंदरी दिसायलाही पंचरंगी आहे. चिमूटभर पत्ती तळहातावर घेतली तर पांढरी लव असलेले कळे, हिरवट, पिवळट, तांबूस आणि तपकिरी असे तुकडे एकत्र दिसतात. बाजारात पारखून भाजी निवडणारी कुठलीही गृहिणी हा माल बघून ‘किडका आहे, अर्ध्या भावात दे’ म्हणाली असती. तिथं नेमका त्याचाच भाव चढा असतो.

पोपटानं टोचलेला पेरू गोड, हे आपल्याकडे शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. पण पेरूचं कसं, तो मुळात गोड म्हणून पोपट टोचतो. इथं उलटं आहे. तुडतुडा टोचतो म्हणून पान गोड होतं. जेमतेम तीन मिलिमीटरचा हा हिरवा जीव शेंड्याला सोंड खुपसतो, तेव्हा चहाचं झुडूप स्वतःच्या बचावासाठी वेगळी सुवासिक द्रव्यं तयार करू लागतं. तुडतुड्यांना खाणाऱ्या कीटकांना, कोळ्यांना तो सांगावा असतो, असं मानतात. म्हणजे आपण डोळे मिटून ज्याला मधाचा सुवास म्हणतो, ती खरं तर त्या झुडपानं ठोकलेली बोंब आहे. तिच्यावर आपण ‘वा!’ म्हणतो.

पुढचं काम माणसाचं. पानं उन्हात कोमेजू द्यायची, मग सावलीत पसरून पुन्हापुन्हा हलवायची. कडा दुखावतात, हवा लागते, पान तांबूस होत जातं. बहुतेक ऊलाँगमध्ये हे लवकर थांबवतात. इथं निम्म्याहून पुढं, जवळजवळ काळ्या चहाच्या उंबरठ्यापर्यंत जाऊ देतात. मग गरम कढईत परतून, ओलसर फडक्यात गुंडाळून पानं थोडी मऊ होऊ देतात, त्यानंतर वळतात आणि वाळवतात.

तैवानचा ऊलाँग जगाला ठाऊक झाला तो 1869 मध्ये, जॉन डॉड नावाच्या व्यापाऱ्यानं दोन जहाजं भरून तो थेट न्यूयॉर्कला धाडला तेव्हा. तुडतुड्यांच्या चहाची कथा मात्र बेइपू गावाकडच्या हाक्का शेतकऱ्याची आहे. पीक किडलं, पण टाकवेना, म्हणून त्यानं तशाच पानांचा चहा केला आणि शहरात नेऊन विकला. भाव मिळाला भलताच. गावी येऊन सांगितलं तर कुणाचाच विश्वास बसेना. सगळे म्हणाले, काय थापा मारतोय! तेव्हापासून त्या मुलखात हा ‘फुशारकीचा चहा’. सुंदरीचं नाव म्हणे इंग्लंडच्या राणीनं ठेवलं. राणी कोणती, तर कुणी व्हिक्टोरिया सांगतो, कुणी एलिझाबेथ. फुशारकीच्या चहाला एवढी फुशारकी शोभून दिसते.

हे सारं ऐकून कुणाला वाटेल की आपल्याकडे असलं काही नाही. तर दार्जिलिंगचा दुसऱ्या बहराचा, मे-जूनमधला चहा आठवा. त्याला जो द्राक्षांसारखा, नावाजलेला मस्कटेल वास येतो, त्यातही तुडतुड्यांचा आणि फुलकिड्यांचा हात आहे. आपण मात्र त्यांचं नाव पाकिटावर घालत नाही.

आता करायचा कसा ते. पातेल्यात आधण, त्यात साखर, आलं, वर दूध, हा आपला क्रम इथं चालत नाही. पाणी उकळलं की गॅस बंद करून जरा थांबायचं. पंच्याऐंशी ते नव्वद अंशांवर ते आलं की झालं. दीडशे मिलिलिटर पाण्याला पाच ग्रॅम पत्ती पुरते. चमच्यानं मोजायला जाऊ नये, पत्ती फुगीर आणि हलकी असते, चमचा फसवतो. पाऊण-एक मिनिटात गाळून घ्यायचा आणि तीच पत्ती चार-पाच वेळा वापरायची. ही शेवटची गोष्ट काटकसरी मराठी मनाला लगेच पटते. दर खेपेला चव थोडी बदलते, मात्र वेळ थोडा वाढवत न्यावा लागतो.

आमच्या मावशीपुढे हा चहा ठेवला, तेव्हा तिनं कप उजेडाकडे धरून पाहिला. “अगं, रंग छान आलाय. पण चहा कधी टाकणार यात?” हाच चहा, असं सांगितल्यावर तिनं वास घेतला आणि स्वयंपाकघराकडे बघत विचारलं, “मनुका भिजत घातल्यास का?” तिनं पाकिटावरचं एक अक्षरही वाचलं नव्हतं. तिथं मध, पिकलेलं पीच, लिची अशी यादी होती. मला मावशीचंच निदान अधिक खरं वाटतं. आपण लिची खातो किती आणि मनुका किती!

यात साखरेचा कण नसतो, तरी गोड का लागतो, याचा छडा घरबसल्या लागतो. नाक चिमटीत धरून एक घोट घ्या. जिभेवर कोमट, किंचित तुरट पाणी. मग नाक सोडा. घशामागून वास वर चढतो आणि तोंड गोड होतं. म्हणजे निम्म्याहून अधिक चहा आपण नाकानंच पितो. आपला आल्याचा चहाही काही वेगळा नाही म्हणा, पण साखरेपुढे नाकाचं कोण ऐकतो?

तेव्हा मिळाला तर थोडाच आणा, दूध-साखर लांब ठेवा आणि पहिली दोन पाणी तरी शांतपणे प्या. सहा जण एकदम आले तर मात्र या भानगडीत पडू नका. सरळ आलं ठेचा.