टाय दिसला की सही

नखात ग्रीस दिसलं की आपण भाव पाडतो. गळ्यात टाय दिसला की सही करतो.

उल्हासनगरच्या कॅम्प चारपासून बदलापूरच्या कात्रपपर्यंत कुठल्याही गॅरेजसमोर पाच मिनिटं उभे राहा. मेकॅनिकने क्लच प्लेट बसवायची मजुरी सांगितली रे सांगितली की गिऱ्हाईक उसळतं, ‘एवढे? लुटायला बसलास का?’ तेच गिऱ्हाईक पुढच्या खेपेला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जातं. गार हवा, काचेचं दार, कॉम्प्युटरवर काढलेलं बिल. त्या बिलात खाली कुठेतरी ‘कन्झ्युमेबल्स’ असं लिहिलेलं असतं आणि पुढे आकडा. ते काय असतं, हे कोणी विचारत नाही.

तोंड फक्त उन्हातच उघडतं का?

टायवाला ‘सर’. ग्रीसवाला ‘ए’, ‘अरे’, फार तर ‘ओ भाय’. तो पन्नाशीचा असला आणि आपण पंचविशीतले असलो तरी ‘ए’. अपेक्षा मात्र अशी की त्याने आपल्याला साहेब म्हणावं, गाडी पुसून द्यावी, हसून बोलावं आणि रविवारी अकराच्या आत काम संपवावं.

रविवारीच का? कारण बाकीचे सहा दिवस गाडी स्टेशनबाहेरच्या स्टँडवर आणि मालक लोकलमध्ये. बदलापूर ते सीएसएमटी ६८ किलोमीटर. घर सोडायचं उजाडताना, परत यायचं जेवायच्या वेळेला. त्यामुळे इथल्या गावांना ब्रेक, चेन, क्लच आणि हेडलाइट रविवारीच आठवतात. एकेका मेकॅनिकपुढे रांग लागते आणि रांगेतल्या प्रत्येकाची गाडी ‘फक्त दहा मिनिटांचं काम’ असते. तो चिडला की आपण ठरवतो, माणूस तुसडा आहे.

इंजिनात डोकं घातलेल्या माणसाने हसायचं कोणाकडे बघून?

२०२२च्या जानेवारीतली तुमकूरची बातमी आठवते? कर्नाटकातला एक शेतकरी पिकअप घ्यायला शोरूममध्ये गेला. कपडे बघून सेल्समनने त्याला उडवून लावलं, खिशात दहा रुपये तरी आहेत का अशा भाषेत. शेतकरी तासाभरात दहा लाख घेऊन परत आला, तेव्हा शोरूमकडे लगेच द्यायला गाडी नव्हती. देशभर बोभाटा झाला, कंपनीला खेद व्यक्त करावा लागला. आपण सगळ्यांनी तो व्हिडिओ पुढे पाठवला. शेतकऱ्याच्या बाजूने.

गॅरेजसमोर आपण त्या सेल्समनच्या जागी उभे असतो.

आणि हे उल्हासनगरात! ज्या गावाने वर्षानुवर्षे नवी कोरी जीन्स घासून, धुऊन, गुडघ्यावर विटवून देशभर धाडली, त्या गावात मेकॅनिकची लायकी त्याच्या विटक्या पँटवरून ठरते. मॉलमधली फाटकी पँट ही फॅशन. गॅरेजमधली फाटकी पँट हा संशय. खरं तर काम करून फाटलेली कोणती आहे?

टायवाल्या पोरावर राग नाही. बारावीनंतर पहिल्या नोकरीला लागलेला असतो, तासन् तास उभा असतो, टाय हा त्याचा युनिफॉर्म. त्याच्या मागे टार्गेट असतं: गाडीबरोबर विमा, लोन, अ‍ॅक्सेसरीज, एक्स्टेंडेड वॉरंटी. त्याचं बोलणं गोड असतं, कारण गोड बोलणं हेच त्याचं काम आहे. मायलेजचा आकडा त्याने पाठ केलेला असतो, इंजिन त्याने उघडून पाहिलेलं नसतं. आपण त्या गोडव्याला ज्ञान समजतो, ही त्याची चूक कशी?

बरं, त्याच्याकडे आपण मागतो काय? ‘सीट कव्हर फ्री टाका.’ ‘मडफ्लॅप द्या ना, एवढी गाडी घेतोय.’ केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १३८वा नियम सांगतो की दुचाकी विकताना कंपनीने बीआयएस दर्जाचं हेल्मेट द्यायचं. सीट कव्हरसाठी अर्धा तास घासाघीस चालते आणि हेल्मेटचे पैसे मुकाट भरले जातात. हक्काचं विकत घ्यायचं आणि विकतचं फुकट मागायचं, ही कुठली हुशारी?

विम्याचं तर विचारूच नका. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला इजा झाली तर त्याची भरपाई देणारा. आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग बहुतेक वेळा पहिल्या एका वर्षापुरताच असतो. ‘सर, पाच वर्षं टेन्शन नाही’ हे इस्त्रीच्या शर्टातून ऐकलं की पॉलिसीचं दुसरं पान कोणी उलटत नाही.

दुसऱ्या पावसाळ्यात उल्हास नदी ते पान उलटून दाखवते.

२६ जुलै २००५. मग २०१९चा जुलै, महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवासी बाहेर काढावे लागले, तो. मग २२ जुलै २०२१. बदलापूरकरांना तारखा सांगाव्या लागत नाहीत. सोसायटीच्या तळमजल्यावर पार्क केलेल्या गाड्या हँडलपर्यंत बुडाल्या. पाणी ओसरल्यावर अनेक मालक काय करतात? ‘बघू चालू होते का’ म्हणत सेल्फ मारतात. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असेल तर ते हवेसारखं दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, अडतो, कनेक्टिंग रॉड वाकतो. धुऊन-पुसून चालू झाली असती ती गाडी एका बटणात इंजिनकामाला गेली.

त्या आठवड्यात टाय कुठे दिसतो का? दिसतो तो नाक्यावरचा माणूस. चिखलात पोतं टाकून बसलेला. तो गाडीला चावीही लावत नाही. आधी प्लग काढतो, किक मारून सिलिंडरमधलं पाणी बाहेर उडवतो. मग खालचा ड्रेन बोल्ट सोडतो. येतं ते ऑइल काळं नसतं, दूध जास्त झालेल्या चहासारखं फिकट आणि फेसाळ असतं. ऑइलमध्ये पाणी मिसळलंय. ते सगळं गाळून काढायचं, साधं ऑइल भरून थोडा वेळ इंजिन फिरवायचं, तेही काढून टाकायचं, मग चांगलं ऑइल. एअर फिल्टर नवा. ब्रेक ड्रम उघडून आतला गाळ खरवडायचा. वायरिंगची एकेक जोडणी सोडून वाळवायची.

दिवसभर हे करून झाल्यावर मालक विचारतो, ‘नुसतं ऑइल तर बदललंस, त्याचे एवढे?’

कॅम्पातल्या एखाद्या जुन्या मिस्त्रीला आवाजाची तक्रार सांगून बघा. तो लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर टेकवतो आणि मूठ कानाच्या मागच्या हाडाला. डोळे मिटतो. टॅपेटची टकटक वेगळी, कॅम चेनची खळखळ वेगळी, बेअरिंगची घरघर वेगळी. मग प्लग काढून त्याचा रंग बघतो. बिस्किटी असला तर ठीक, काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त जातंय. त्याला प्लग वाचता येतो.

आपल्याला फक्त त्याचा शर्ट वाचता येतो.

पण थांबा, काळे हात म्हणजे प्रामाणिकपणाचा दाखला नव्हे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. नव्या गाड्यांतून कार्बोरेटर गेला, फ्युएल इंजेक्शन आणि सेन्सर आले. आता कित्येक बिघाड कानाने कळत नाहीत, स्कॅनर लावावा लागतो. ज्यांनी पदरचे पैसे घालून स्कॅनर घेतला आणि तो वापरायला शिकले, त्यांना मानलं पाहिजे. जो म्हणतो, ‘सेन्सर काढून टाकू, काही फरक पडत नाही’, त्याच्याकडून त्याच मिनिटाला गाडी उचला. ओरिजनलच्या खोक्यातून डुप्लिकेट पार्ट काढणारे याच रस्त्यांवर आहेत. काढलेलं ऑइल गटारात ओतून वालधुनी नदीत पोचवणारेही इथलेच. त्यांना त्यांच्या कपड्यांवरून नव्हे, या उद्योगांवरून ओळखायला काय हरकत आहे?

मग बघायचं काय? हातातला पाना बघा. बोल्टला बरोबर मापाचा पाना लावतोय की दिसेल त्या पक्कडीने पिळतोय? पक्कड लागली की बोल्टचे कोपरे जातात आणि पुढच्या वेळी तो कोणाच्या बापाला सुटत नाही. सोडवलेले स्क्रू डबीत ठेवतो की जमिनीवर विखरून टाकतो, तेही बघा. खर्च उघडायच्या आधी सांगतो की सगळं खोलून झाल्यावर? आणि काढलेला जुना पार्ट हातात देतो का? नाक्यावर हे सगळं डोळ्यांसमोर घडतं. शोरूममध्ये गाडी काचेपलीकडे नेतात आणि आपल्याला कॉफी देतात.

काचेपलीकडे कोण असतं, ठाऊक आहे? आयटीआयला मेकॅनिक मोटर व्हेईकलचा दोन वर्षांचा कोर्स केलेला पोरगा. तळहातावर तेच ग्रीस, नखात तेच काळं. गाडी खोलतो तो, जोडतो तो, आणि सही घ्यायला येतो टाय. आपण ज्या हातांकडे नाक मुरडून नाक्यावरून निघालो, त्याच हातांकडे जास्त पैसे देऊन गाडी सोपवली.

हेच हात बाईचे असतील तर? मग ग्रीसही नको नि टायही नको. वर्कशॉपमध्ये पाना घेतलेली मुलगी दिसली की गिऱ्हाईक विचारतं, ‘मालक कुठायत?’ शोरूममधल्या मॅडमकडून रंग आणि हप्ते समजून घ्यायचे, इंजिनाचा प्रश्न आला की मान वळवून बाजूच्या मुलाला विचारायचं. तो मुलगा कदाचित गेल्याच सोमवारी कामावर लागलेला असतो.

काही जण कपड्यांच्याही पुढे जातात. आडनाव विचारतात, गाव विचारतात, बोली ऐकतात. ‘आपला माणूस’ निघाला की गाडी टाकतात. आणि बिलाच्या वेळी? ‘आपलेच ना तुम्ही, कमी करा जरा.’ परका होता म्हणून भरवसा नाही, आपला होता म्हणून पैसे नाहीत. मेकॅनिकने जन्म घ्यावा तरी कुठे?

‘छोटू, बारा नंबरचा पाना दे.’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. चौदा वर्षांखालच्या मुलाला असं गॅरेजात राबवायला कायद्याने बंदी आहे, २०१६च्या दुरुस्तीनंतर तर स्पष्ट आहे. चाइल्डलाइनचा १०९८ हा नंबर भिंतींवर, स्टेशनांवर लिहिलेला आहे. चहा विचारला नाही म्हणून गॅरेज बदलणारे आपण, शाळेच्या वेळेत चाक उचलणारा तो पोरगा आपल्याला खटकत नाही. उलट ‘चलाख आहे हं’ म्हणून त्याच्या हातावर दहा रुपये ठेवतो.

या बाबतीत तरी तोंड उघडा.

सेवेत खोट निघाली तर कायदा दोघांनाही लागू आहे, काचेच्या दाराला आणि पत्र्याच्या शेडलाही. २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला. आता डीलरचं दुकान ज्या गावात आहे तिथे खेटे घालायची गरज नाही, आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. मात्र त्यासाठी हातात कागद लागतो. नाक्यावर पावती मागायला आपल्याला संकोच वाटतो आणि शोरूममध्ये मिळालेली पावती वाचायला कंटाळा येतो. मग आयोगापुढे काय ठेवणार, टायचा फोटो?

सर्व्हिसिंग झाली की एक-दोन दिवसांत कंपनीचा फोन येतो. त्याआधी गाडीची चावी देताना अ‍ॅडव्हायझरने हळूच सांगितलेलं असतं, ‘सर, दहापैकी दहा द्या, नाहीतर माझा इन्सेंटिव्ह जातो.’ फोनवरची मुलगी विचारते, बसायची जागा स्वच्छ होती का, स्टाफ नम्रपणे बोलला का, गाडी धुऊन मिळाली का. काचेपलीकडच्या पोराने क्लच कसा बसवला, हे तिच्या यादीत नसतं, आणि त्याचं नाव तिलाही माहीत नसतं, आपल्यालाही. आपण ‘दहा’ म्हणून मोकळे होतो.

पुढच्या वेळी तिला सांगा, आकडा देतो, आधी माझ्या जुन्या क्लच प्लेट कुठे गेल्या ते कळवा.