वाटूर फाटा ते श्टुटगार्ट, मार्गे जीआर

आमच्या परतूर तालुक्यात भाषा हुकमाने येते. निजामाच्या हुकमाने उर्दू आली. आजोबांच्या पिढीने गणितंही उर्दूतच सोडवली. २००० साली पहिलीपासून इंग्रजी आली. तेव्हापासून पोरं 'मे आय कम इन' म्हणून वर्गात येतात; आत आल्यावर पुढे काय बोलायचं, याचा जीआर अजून निघायचाय.

मग फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेंबर्गशी करार केला. दहा हजार कुशल तरुण पाठवायचे: नर्स, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर. वाटूर फाट्यावर काळीपिवळीवाल्याने टपरीवर एकच शंका काढली, "तिकडं दाटून किती शिटा बसवत्यात?"

पण आधी जर्मन यायला हवी. शिकवणार कोण? तर आपले गुरुजीच, आधी स्वतः शिकून! सकाळी खिचडीची चव घ्यायची, दुपारी मतदारयाद्या तपासायच्या आणि उरल्या वेळात जर्मन. जर्मनमध्ये विभक्त्या चारच, हे कळल्यावर एक गुरुजी खूश झाले, "आपल्या आठ. म्हणजे निम्मंच काम की!" निम्मं काम तिथेच संपलं; उरलेलं निम्मं प्रशिक्षणाचं पत्र येण्याची वाट बघतंय.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात माध्यमिकला जपानी, कोरियन, रशियन, फ्रेंच अशी पंगतच मांडलीय. वाढपी कोण, ते पत्रिकेत नाही. पुण्यामुंबईची पोरं अकरावीला मार्कांसाठी जर्मन घेतात. आमच्याकडे मात्र २०२५ मध्ये हिंदीचंच महाभारत झालं. १६ एप्रिलला पहिलीपासून सक्ती. १७ जूनला सवलत: दुसरी भारतीय भाषा हवी तर इयत्तेत वीस पोरं दाखवा. वस्तीवरच्या शाळेत चारही इयत्ता मिळून वीस भरत नाहीत, विसावं पोरगं काय उसनं आणायचं? २९ जूनला दोन्ही जीआर मागे.

इंग्लंडने २००४ साली चौदा वर्षांपुढच्या मुलांना परकी भाषा ऐच्छिक केली आणि परीक्षेला बसणारे धडाधड घटले. तिथे मास्तर होते, पोरं उठून गेली. इथे पोरं बसलीत, मास्तरचाच पत्ता नाही.

सरकारला एक नम्र सूचना. पुढचा भाषेचा जीआर थेट जर्मनमध्येच काढावा. कोणाला कळणार नाही, म्हणून आंदोलन होणार नाही. आंदोलन नाही, म्हणून मागे घ्यावा लागणार नाही. अंमलबजावणी तर आतापर्यंत झाली तेवढी होईलच.