पैलवान, बिस्कीट!

कोल्हापुरात कुत्र्याचं नाव 'पैलवान' ठेवू नये. घरात, गल्लीत काही बिघडत नाही. पण कळंब्याच्या मागं, कात्यायनीच्या डोंगरावर तो सकाळी सकाळी दिसेनासा झाला की पंचाईत होते. मी तोंडाशी हात धरून "पैलवाऽऽन!" अशी आरोळी ठोकली आणि चढावर पळायचा सराव करणारी तालमीतली पोरं जागीच थबकली. त्यात सवयीनं पुढचं वाक्यही निघून गेलं, "ये, ये, बिस्कीट देतो!"

मोडक्या कानांचा एक धिप्पाड गडी सावकाश खाली आला. "काका, कुणाला म्हणालासा?"

"कुत्र्याला," मी म्हणालो. या उत्तरानं वातावरण निवळलं नाही.

आमचा पैलवान मुधोळ हाउंड. मुधोळच्या घोरपडे राजांनी जोपासलेली ही जात वासापेक्षा नजरेवर शिकार करते. लांब कुठं ससा हलला की संपलं. आपली हाक पोचेपर्यंत स्वारी पुढच्या गावाच्या हद्दीत. २००५ साली टपाल खात्यानं या जातीचं तिकीट काढलं. एका जागी थांबलेला मुधोळ मी तेवढाच पाहिलाय.

कुत्रंच हरवलंय हे पटल्यावर मात्र पोरांनी शोध ताब्यात घेतला. कोल्हापूरकर मदत करायला लागला की त्याला थांबवणं अवघड. एक पाचगावच्या अंगाला पळाला, दुसरा तलावाकडं, तिसरा गारगोटी रस्त्याला. थोड्या वेळानं कुत्रं नव्हतंच, पोरंही दिसेनात. मी मित्राला फोन लावला, "पैलवान कळंब्यात अडकलाय, लगेच ये." तिकडून दबक्या आवाजात प्रश्न आला, "जामिनाचं काय?" शहरात कळंबा म्हटलं की आधी कारागृह आठवतं, तलाव नंतर.

शेळ्या राखणारे एक आजोबा हे सगळं मघापासून बघत होते. "बसा की खाली," ते म्हणाले. "तुमीच पळत सुटलासा तर त्येनं यायचं कुठं?"

जाणकारही हेच सांगतात. भरकटलेलं कुत्रं पुष्कळदा स्वतःच्याच वासाचा माग काढत सुटल्या जागी परततं. आपण डोंगरभर हिंडलो की आपला वास सगळीकडं पसरतो आणि त्याचा गोंधळ उडतो. शेवटचं दिसलं तिथंच थांबावं. निघावंच लागलं तर अंगातला कपडा तिथं टाकून जावं. मी स्वेटर काढून पसरला आणि बसलो. न बोलता, काही न करता बसणं हा आपल्याकडचा खेळ नव्हे.

पैलवान आला. अंगभर कुसळं, जीभ गुडघ्यापर्यंत. स्वेटर हुंगला, माझ्याकडं ओळखीपुरतं बघितलं आणि सरळ मोडक्या कानांच्या गड्यापुढं जाऊन बसला. बिस्कीट त्याच्या हातात होतं.

तेव्हा डोंगरावर कुत्र्याला दोरीनं धरा. तिथं लोकांच्या शेळ्या चरत असतात. गळ्यातल्या पट्ट्यावर मोबाइल नंबर लिहा, आणि तो घरातल्या अशा माणसाचा लिहा, जो अनोळखी फोन उचलतो.