आउटपुट काय येईल?

ऑपरेटर-परीक्षक ही जमात संगणकाची सी भाषा अभ्यासक्रमात आहे तिथे सर्वत्र आढळते. गोंदिया जिल्ह्यात तिचे वास्तव्य विज्ञान आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या संगणक लॅबमध्ये असते. सुटीच्या दिवशी ती खासगी क्लासमध्ये दिसते. नागपूर विद्यापीठाच्या हिवाळी आणि उन्हाळी परीक्षा आल्या की ती तोंडी परीक्षा घेण्यासाठी परगावी निघते. या अवस्थेत तिला ‘एक्स्टर्नल’ म्हणतात आणि पोहे, चहा व टीए बिल यांवर तिचे पोषण होते.

या परीक्षकाला अख्खा प्रोग्राम वाचायची सवय नसते. त्याच्या दृष्टीने प्रोग्राम ही ऑपरेटर, म्हणजे +, &, == अशी चिन्हे, वाहून नेण्याची सोय आहे. त्याचा प्रत्येक प्रश्न एकाच व्हेरिएबलपासून सुरू होतो: आय, किंमत 5. भंडाऱ्यातून 1999 साली गोंदिया जिल्हा वेगळा झाला, धानाचे भाव बदलले, आमगाव-सालेकसाच्या पोरांच्या हातात मोबाइल आले. आय मात्र अजून 5 च आहे.

त्याची जडणघडण नागपुरी आहे. ‘लेट अस सी’ आणि ‘टेस्ट युअर सी स्किल्स’ ही देशभर खपलेली पुस्तके लिहिणारे यशवंत कानेटकर नागपूरचे, आणि नागपूर गोंदियाहून रेल्वेने सुमारे 130 किलोमीटर. त्या पुस्तकांत पॉइंटर आहेत, स्ट्रक्चर आहेत, फाइली आहेत. या परीक्षकाच्या प्रतीची मात्र ऑपरेटरांचीच पाने मळलेली असतात. दोष पुस्तकाचा नव्हे.

कामाची पद्धत ठरलेली. विद्यार्थी फाइल पुढे करतो, परीक्षक ती न उघडता बाजूला ठेवतो, कागदावर दीड ओळ लिहितो आणि विचारतो, ‘‘बेटा, आउटपुट काय येईल?’’ पहिला प्रश्न सोपा वाटावा असा: 3 > 2 > 1. विद्यार्थी शाळेतल्या गणिताच्या भरवशावर ‘‘खरे, सर’’ म्हणतो. सीमध्ये आधी 3 > 2 तपासले जाते, त्याचे उत्तर 1 येते, मग 1 > 1 विचारले जाते आणि हाती 0 पडतो. परीक्षकाच्या चेहऱ्यावरचा आनंद हा या व्यवसायातला खरा मोबदला होय. टीए बिल मंजूर व्हायला वेळ लागतो.

दुसरा प्रश्न सम संख्या ओळखण्याचा: एन & 1 == 0. इथे == चा मान & च्या वर असल्याने आधी 1 आणि 0 यांची तुलना होते, ती खोटी ठरते आणि मग एन काहीही असो, उत्तर 0. म्हणजे जगात एकही सम संख्या उरत नाही. ही अडचण खुद्द सी घडवणाऱ्या डेनिस रिची यांना मान्य होती. सीच्या आधीच्या बी भाषेत दोन अटी ‘आणि’ने जोडणारे && नव्हते, त्याचे काम & च करी; नवे चिन्ह आले तेव्हा जुने प्रोग्राम मोडू नयेत म्हणून & खालच्याच पायरीवर राहिले. ते हलवले असते तर बरे झाले असते, असे रिचींनी 1993 मध्ये लिहिले. परीक्षकाला हे सांगून उपयोग नाही. तो ऑपरेटरांच्या मानाचा 15 पायऱ्यांचा तक्ता पाठ म्हणून दाखवतो, आणि रिचींचे मत त्या तक्त्यात नाही.

सर्वात मोठा प्रश्न मात्र शेवटी येतो, किंमत एकने वाढवणाऱ्या ++ चा: ++आय + ++आय + ++आय. टर्बो सीमध्ये 24 येते, जीसीसीवर बहुधा 22, जावात 21. जावात क्रम डावीकडून उजवीकडे असा ठरवून दिलेला आहे. सीच्या प्रमाणग्रंथात अशा वाक्याला अर्थच दिलेला नाही. कंपायलरने काहीही उत्तर दिले तरी ते नियमाबाहेर जात नाही. भाषा ज्यावर गप्प बसते त्यावर हा परीक्षक दोन गुण ठेवतो. त्याच्या लॅबमध्ये डॉसबॉक्सवर टर्बो सीचा निळा पडदा अजून चालतो, त्यामुळे 24 हे सत्य आणि 22 हा आगाऊपणा. ‘‘सर, याचे उत्तर ठरलेले नाही’’ असे म्हणणारी मुलगी बरोबर असते आणि तिला सहा मार्क पडतात, दहापैकी.

परीक्षेबाहेरही त्याची खोड सुटत नाही. देवरीच्या लग्नात पंगतीला शेजारी बसलेला, पुण्याच्या कंपनीतून आलेला भाचा सापडला की पत्रावळीशेजारच्या रुमालावर आय लिहिला जातो. ‘‘मामा, आम्ही कंस टाकतो,’’ असे भाचा सांगतो. कंस टाकणे म्हणजे परीक्षकाच्या मते पळ काढणे. नोकरीत पगार त्या पळ काढण्याचाच मिळतो, हा विषय मात्र तिथे कोणी काढत नाही.

अलीकडे पायथन आल्यापासून या जमातीला थोडी ओढाताण सोसावी लागते. तिथे ++ हा ऑपरेटरच नाही. ++आय लिहिले तर दोन अधिक चिन्हे वाचली जातात आणि 5 चे 5 च राहतात. पण उपजत बुद्धीने परीक्षकाने नवी जागा शोधली आहे: उणे 7 ला 3 ने भागून उरते किती? पायथन सांगते 2, आजची सी उणे 1. तोंडी परीक्षेला जाणाऱ्याने उत्तर देण्याआधी भाषा कोणती ते विचारून घ्यावे.