गणपतीची बस आणि युनियनची छत्री

हरतालिकेच्या सकाळी वयनींनी गडग्यावरून तवसां पुढे केलं, तेव्हाच मी ओळखलं की बातमी आहे. नुसतं तवसां द्यायचं असतं तर त्या नातवाच्या हाती पाठवतात.

"काल रातची गाडी बघितलास मा?"

न बघून जातो कुठे! मुंबईहून आलेली ती लांबलचक बस पडेल कँटीनपर्यंत सुखरूप आली आणि आमच्या वाडीच्या वळणावर अडकली. अर्धी वाडी टॉर्च घेऊन "येवंदे, येवंदे, थांब, थांब" करत होती. बसच्या कपाळावर सुतळीने बांधलेला फ्लेक्स. त्यावर हात जोडलेले सरचिटणीस, कोपऱ्यात गणपती आणि खाली मोठी उघडी छत्री.

"गणपती ल्हान नि सरचिटणीस मोठो," वयनी म्हणाल्या. "माका वाटला, पावसाचे दिवस म्हणान छत्री काढली असतली. झिल म्हणता, ती तेंच्या पॅनलची निशाणी. पुढच्या म्हयन्यात युनियनची निवडणूक आसा."

वयनींचा झिल मुंबईकडच्या एका कारखान्यात फिटर आहे. युनियनचं नाव मी इथे सांगणार नाही. लेबर ऑफिसात कारकुनी करून पिकलो, एवढं शहाणपण तरी अंगी लागलंच.

"फुकट इलो ना तो? मग कुरकुर कित्याक?"

"फुकट खयचो?" वयनींनी आवाज खाली आणला. आमच्याकडे आवाज खाली आला की समजावं, आता खरं बोलणं सुरू झालं. "तो कमिटीत आसा. व्हाउचर बघून इलोहा. बशीचो खर्च 'सभासद कल्याण' खात्यात. छत्रये वाटले, ते पण त्याच खात्यात."

"छत्र्या वाटल्या?"

"एकेक सगळ्यांका. बरी आसा हां, गळना नाय."

आता मात्र मी कोपरं गडग्यावर टेकली. कल्याण खात्यातून सभासदांना छत्र्या द्यायच्या आणि मतपत्रिकेवर छत्री हीच निशाणी घ्यायची, ह्या डोक्याला दाद द्यायला हवी. वयनींनी पुढची यादी उलगडली. भिंतीवरच्या कॅलेंडरवर बाराही महिने सरचिटणीस, फक्त शर्ट वेगळा. युनियनची जीप शिफ्ट सुटायच्या वेळी गेटवर हजर. ऑफिसातला पगारी कारकून दुपारभर पोस्टर चिकटवतो. सभासदांच्या फोन नंबरांची वही ऑफिसात. तिच्यातून रोज सकाळी सगळ्यांच्या मोबाइलवर "आपला विश्वासू". झिलाच्या पॅनलने तीच यादी मागितली, तर उत्तर मिळालं की ती गोपनीय आहे.

एवढ्यात तात्या आले. विजयदुर्ग डेपोत कंडक्टर होते, आता निवृत्त. हातात माटवीचं सामान, कवंडळं आणि सुपारीचं शिपटं. घाईत होते, पण युनियन हा शब्द कानावर पडल्यावर तात्या पुढे जातील हे शक्य नाही.

"हेच्यात चोरी खय आसा ती माका सांगा," त्यांनी सामान गडग्यावर ठेवलं. "पैसे सभासदांचे, बशीत बसले सभासद, छत्री सभासदांच्या डोक्यार. कोणी खिशात घातल्यान काय?"

प्रश्न साधा नव्हता. आमच्या ऑफिसातही साहेबलोक इथेच अडकायचे.

म्हटलं, "तात्या, 1926 चा ट्रेड युनियन कायदा. पंधराव्या कलमात यादीच होती, युनियनचा पैसा कशावर खर्चायचा त्याची. नोकरांचे पगार, कोर्टकचेऱ्या, संप, आजारपणात नि मयताला मदत, पोरांचं शिक्षण, मुखपत्र. राजकारणासाठी सोळाव्या कलमात वेगळा फंड, आणि त्यात पैसे घालायची सभासदावर सक्ती नव्हती. आता 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता आली, तीही ह्याच वाटेने जाते."

"मगे युनियनच्या आतल्या निवडणुकेचा काय?"

"तिथेच तर मेख आहे. आमदारकीच्या प्रचाराला वेगळा फंड हवा, हे कायद्याला सुचलं. सरचिटणीसपदाच्या प्रचाराचं त्याने युनियनच्या घटनेवर सोपवलं. आणि घटना लिहितं कोण? जो खुर्चीत बसलाय तो."

वयनींना हे लगेच पटलं. त्यांच्या बचतगटात अध्यक्षीणबाईंनी स्वतःच नियम लिहिले होते.

"म्हणजे बस चुकीची नाय?" तात्यांनी हेका सोडला नाही.

"बस चुकीची नाही. बसवरचा फ्लेक्स चुकीचा. उद्या वयनींच्या झिलाच्या पॅनलने त्याच बसवर आपला फ्लेक्स लावायला मागितला असता तर दिला असता का? दिला असता तर ते कल्याण. नसता दिला तर तो प्रचार, आणि तोही ज्यांच्या विरोधात करायचा त्यांच्याच वर्गणीतून."

वयनी हसल्या. "म्हणजे माझ्या झिलान स्वतःकच पाडूक पैसे दिले!"

मग मला अमेरिकेची गोष्ट आठवली. तिथे 1959 पासून कायदाच आहे की युनियनचा किंवा मालकाचा पैसा युनियनच्या निवडणुकीत कोणाही उमेदवारासाठी वापरता येणार नाही. सभासदांची यादी उमेदवाराला बघू द्यायची, आणि त्याने स्वतःच्या खर्चाने पत्रकं पाठवायला सांगितली तर युनियनने ती पाठवायची. एकाला जी सवलत, ती सगळ्यांना. टीमस्टर्स म्हणून ट्रकवाल्यांची तिथली दांडगी युनियन. तिचे अध्यक्ष रॉन कॅरी 1996 मध्ये थोडक्यात परत निवडून आले. मग उघड झालं की युनियनचे लाखो डॉलर बाहेरच्या संस्थांना देणगी म्हणून गेले होते आणि त्या बदल्यात त्यांच्या प्रचाराला दुसऱ्या वाटेने पैसा आला होता. 1997 च्या ऑगस्टमध्ये युनियनने यूपीएस कंपनीचा मोठा संप जिंकला आणि त्याच महिन्यात ती निवडणूक रद्द झाली. नोव्हेंबरात कॅरींना फेरनिवडणुकीला उभं राहायलाही बंदी झाली.

"तुरुंगात गेलो?" वयनींना शेवट हवा होता.

"नाही. पुढे खटला झाला, त्यात 2001 साली ज्युरीने निर्दोष सोडलं. पण खुर्ची गेली ती गेलीच."

"संप जिंकून देणारो माणूस," तात्या हळहळले. कामगाराचं मन असंच असतं. पगार वाढवून देणाऱ्याचा हिशेब तपासायला त्याला संकोच वाटतो.

तात्यांचे थोरले भाऊ मुंबईच्या कापड गिरणीत होते. तो धागा निघाला की तात्यांना आवरता येत नाही. "आमच्या भावाक मत द्यायची पाळीच इली नाय. पावतीपुस्तकात नाव चढला की झालो मेंबर. मेंबर जास्त तेची युनियन खरी."

बरोबर बोलत होते. 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यात प्रातिनिधिक युनियन ठरायची ती सभासदसंख्येवर, गुप्त मतदानावर नाही. त्यामुळे गिरण्यांत राष्ट्रीय मिल मजदूर संघाचं स्थान कायद्याने पक्कं होतं, आणि 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले तरी बोलणी करायचा हक्क कागदावर संघाकडेच राहिला. जिथे मतपेटीच नाही, तिथे पावतीपुस्तक हाच प्रचार आणि पावतीपुस्तक हाच निकाल. निदान ह्या झिलाच्या युनियनमध्ये मतपेटी तरी आहे.

"पण मतपेटी असून काय करतलास? जीप तेंची, यादी तेंची," वयनी म्हणाल्या.

"वयनी, असा नाय हां," तात्या आता बाजू बदलत होते, आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. "बेस्टच्या पतपेढीचा काय झाला? आमच्या भाच्यान सांगितल्यान."

ती हकीकत अख्ख्या कोकणाला पाठ, कारण बेस्टमध्ये ज्याचा कोणी नाही असं घर इकडे मिळायचं नाही. 2025 च्या ऑगस्टात, गणपतीच्या आठवडाभर आधी, बेस्ट कामगारांच्या पतपेढीची निवडणूक झाली. दोन्ही ठाकरे पहिल्यांदा एकत्र म्हणून टीव्हीवाले रात्रंदिवस तिथेच. 21 जागा होत्या. ठाकऱ्यांच्या पॅनलला एकही नाही. कामगार नेते शशांक राव यांच्या पॅनलला 14, महायुतीच्या पॅनलला 7. पतपेढी म्हणजे युनियन नव्हे, पण लढणारे युनियनवालेच होते. आणि पतपेढी आधी हरलेल्यांच्याच ताब्यात होती.

"म्हणजे खुर्ची हातात आसली म्हणान मत हातात नसता," तात्यांनी निकाल दिला.

मी म्हटलं, "तेही खरं. पण म्हणून हिशेबाची वही बघायची नाही असं नव्हे. युनियनचे हिशेब दरवर्षी तपासले गेले पाहिजेत, आणि हिशेबाची पुस्तकं बघायचा हक्क साध्या सभासदालाही आहे. कारखान्यातल्या युनियनची किमान वर्गणी कायद्याने ठरली होती वर्षाला 12 रुपये. 12 रुपयेवालाही ऑफिसात जाऊन म्हणू शकतो, दाखवा व्हाउचर. झिलाला म्हणावं, तोंडी नको, लेखी अर्ज दे. पोच घे. तारखेचा शिक्का मारून घे."

झिल तेवढ्यात पडवीत आला, दाढीचा साबण अर्धा गालावर. सगळं ऐकत होता म्हणे.

"काका, अर्ज गेलो आधीच," तो म्हणाला. "आणि निवडून इलंव तर पयलो दणको हेंकाच."

"दणको दे तू मागाहून. आधी एक सांग," वयनींनीच विचारलं, आईच्या आवाजात नाही, कमिटीच्या आवाजात. "तुम्ही निवडून इल्यार ती जीप पुढच्या निवडणुकेत त्या लोकांका देतलास? यादी देतलास? कॅलेंडरावर फोटो कोणाचो?"

झिलाने टॉवेलने गाल पुसला. "आवशी, आधी निवडून तरी येवंदे."

"झाला!" तात्यांनी कवंडळं उचलली. "हेची पण छत्री शिवूक टाकलेली आसा."

"हसा मा, हसा," वयनी म्हणाल्या. "पण तुझ्या पॅनलच्या जाहीरनाम्यात तां लिवन घाल. निवडणुकीआधी तीन म्हयने कोणाचोच फोटो नाय, जीप गॅरेजात, आणि यादी दोघांका. निवडून इल्यार लिवतंव म्हणशीत, तर तुझी मतां मीच फिरवतलंय. थय चार घरां आपल्या वाडीची आसत, ह्या इसरू नको."

झिल आत गेला. कागद शोधायला गेला की दाढी पुरी करायला, हे गडग्यावरून दिसत नाही.